खिडकी क्रमांक तीनचा केसाळ इसम

प्लास्टर कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं, दोन्ही बाजूंची टरफलं उचकटून बाजूला ठेवली आणि आतल्या वस्तूकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा वस्तूकडे.

"हात तुमचाच ना?" त्याने विचारलं.

तसा प्रश्न रास्त होता. सात आठवड्यांपूर्वी पडद्याची दांडी बसवताना स्टुलाने दगा दिला आणि डावा हात मोडला, तेव्हा प्लास्टरमध्ये गेलेला हात माझ्या चांगल्या ओळखीचा होता. गोरा, गुबगुबीत, केसांच्या बाबतीत अगदी निरिच्छ. बाहेर आलेला हात काटकुळा होता, त्याची कातडी सोलवटली होती आणि बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत त्यावर काळेभोर, दाट केस एकाच दिशेला तोंड करून झोपले होते. कुणा पंचविशीतल्या पहिलवानाने आजारपणात माझ्याकडे ठेवायला दिलेला हात असावा, असं वाटत होतं.

"माझाच," मी म्हणालो. पण आवाजात खात्री नव्हती.

घरी बायकोने चष्मा लावून हाताची पाहणी केली. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. डोक्यावर गेल्या वीस वर्षांत काय शिल्लक राहिलंय ते मोजायला चष्मा लागत नाही.

"अहो, प्लास्टर डोक्याला घालायला हवं होतं," ती म्हणाली.

मी दुखावलो, पण एका हाताने माणूस किती दुखावला जाणार!

आता हा सगळा मामला इतका मनावर घेण्यासारखा का होता, ते सांगायला हवं. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत खिडकी क्रमांक तीनवर बसतो. एकोणतीस वर्षं बसतोय. खिडकीची काच दुधी आहे आणि तिच्या तळाशी एक अर्धगोल भोक आहे. बाहेरच्या माणसाला माझं तोंड दिसत नाही, फक्त हात दिसतात. अर्ज घेणारे, शिक्का मारणारे, दाखला देणारे. रस्त्यात लोक मला ओळखत नाहीत, पण चपलेच्या दुकानात एकदा एका बाईंनी माझ्या हातांना ओळखून नमस्कार केला होता. थोडक्यात, लोकांच्या दृष्टीने मी म्हणजे माझे दोन हात. आणि आता ते दोन हात एका माणसाचे वाटत नव्हते.

बायकोने मला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी. तिने मला पहिल्याच वाक्यात "काका" म्हणून जागा दाखवली आणि दुसऱ्या वाक्यात धीर दिला.

"काका, हा आजार नाही. प्लास्टरनंतर काही जणांना असं होतं. आपल्या अंगावर तळहात, तळपाय, ओठ असे थोडे भाग सोडले, तर जवळजवळ सगळीकडे केसांची मुळं असतात. बहुतेक मुळं बारीक, बिनरंगाची लव काढून गप्प बसतात. प्लास्टरच्या आत ऊब असते, ओल असते, सारखं घासलं जातं. शिवाय मोडलेलं हाड सांधायला तिकडे रक्त जास्त येतं. त्यातलं नेमकं कशामुळे ते छातीठोक सांगता येत नाही, पण मुळं चेकाळतात. एरवी थोडे दिवस वाढून थांबणारा केस वाढतच राहतो. जाड होतो, काळा होतो."

"मग यावर उपाय?"

"काही करू नका. केसांना वेळापत्रक असतं. वाढायचं, विसावा घ्यायचा, गळायचं. तीन-चार महिन्यांत हे गळतील आणि पुन्हा तुमची लव येईल."

'काही करू नका' हा सल्ला जगातला सर्वांत अवघड सल्ला आहे. आमच्या इमारतीत तर तो पाळायला मनाईच आहे. वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ल्यांची शाखा उघडली आहे आणि तिला सुट्टीचा वार नाही. जिन्यात माझा हात पाहताच त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"वस्तरा लावू नका हं! वस्तरा लावला की दुप्पट येतात. माझ्या मेहुण्याचं सांगतो..."

डॉक्टर म्हणाली होती की वस्तऱ्याने केस दुप्पट होत नाहीत. टोक बोथट होतं म्हणून खरखरीत लागतात, इतकंच. हे मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मेहुण्यापुढे विज्ञान टिकत नाही.

तळमजल्यावरच्या पार्लरवाल्या वहिनींचं मत अगदी उलट होतं. "भाऊजी, गरम वॅक्स. एक पट्टी, एक झटका. मग चार आठवडे बघायला नको." त्या हे इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मी दोन जिने एका दमात चढलो.

मी मधला मार्ग काढला आणि लांब बाह्यांचे सदरे घालायला लागलो. पण हाताची पाठ कुठल्या बाहीत बसते? पहिल्याच दिवशी रांगेतून आवाज आला, "अरे, आत दोघं बसलेत वाटतं!" मागोमाग हशा. दुसऱ्या दिवशी एका लहान मुलीने भोकातून हात घालून ते केस ओढून पाहिले. तिच्या आईने माफी मागितली, पण हसत हसत. शिक्क्याची शाई बाहीला लागून लागून तीन सदरे गेले. बायकोने चौथा सदरा कुलुपात ठेवला.

आणि तिसऱ्या आठवड्यात मेमो आला.

साहेबांनी तो स्वतः आणून दिला, टोकाला धरून, जणू ओला आहे. सोबत तक्रारीच्या पहिल्या पानाची प्रत होती. तक्रारदार निवृत्त गणितशिक्षक. अक्षर मोत्यासारखं. मजकूर असा:

'खिडकी क्र. ३ वरील उजवा हात प्रौढ, नीटनेटका व सभ्य आहे. डावा हात तरुण, केसाळ व उर्मट आहे. हे दोन्ही हात एकाच इसमाचे असणे संभवत नाही. सबब, मूळ कर्मचाऱ्याच्या जागी अंशतः एक अनधिकृत इसम काम करीत आहे, असे सिद्ध होते.'

'असे सिद्ध होते' हे वाचून मला शाळेतला भूमितीचा तास आठवला. पण खरं दुःख वेगळंच होतं. एकोणतीस वर्षांत मला एकही मेमो नव्हता. पुढल्या वर्षी साहेबांची बदली होणार होती आणि विभागप्रमुख म्हणून माझं नाव वर गेलेलं होतं. चौकशी चालू असलेल्या माणसाचं नाव वर गेलं तरी त्याच वाटेने खाली येतं. आणि चौकशी कशाची, तर मी मीच आहे की नाही याची!

"सोमवारी सुनावणी," साहेब म्हणाले. "मुख्य कचेरीतून मॅडम येतायत. जरा नीटनेटके या."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. बायकोने ते मनावर घेतलं.

रविवारी दुपारी वहिनी आमच्या स्वयंपाकघरात वॅक्सचं भांडं घेऊन अवतरल्या. पार्लर फक्त बायकांसाठी, म्हणून ही घरपोच सेवा. बायकोने माझा दंड धरला. वहिनींनी कोमट मधासारखं काहीतरी हातावर पसरलं, वर कापडाची पट्टी थापली आणि म्हणाल्या, "भाऊजी, एखादी सुंदर आठवण काढा."

मी पहिल्या पगाराचा दिवस आठवायला घेतला. पाकीट हातात येण्याआधीच पट्टी गेली.

मी कसा ओरडलो ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णांना वरच्या मजल्यावर ऐकू आलं. ते काठी घेऊन धावत आले आणि "कुठंय चोर?" म्हणून त्यांनी काठी उगारली. वहिनी दचकल्या, भांडं कलंडलं आणि अण्णांची चप्पल फरशीला चिकटली. चप्पल सुटेपर्यंत अण्णा तिथेच उभे होते आणि उभ्या उभ्या प्रत्येक पट्टीवर अभिप्राय देत होते. एकूण अकरा पट्ट्या लागल्या. शेवटी हात सोललेल्या बीटासारखा लाल झाला, पण केस म्हणाल तर औषधालाही उरला नाही.

सोमवारी मी ताठ मानेने मॅडमपुढे बसलो. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात साखळीला. त्यांनी फाइल वाचली, चष्मा लावला आणि विचारलं, "केसाळ हात कोणता?"

"हा."

"यावर एकही केस नाही."

"काल काढले, मॅडम."

"कुणाच्या परवानगीने?"

चोपन्न वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या अंगावरचा केस काढायला मी कुणाची परवानगी घेतली नव्हती. मी तसं म्हणालो.

"तक्रार त्या केसांबद्दल आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तो केसाळ हात तुमचाच होता, हे दाखवायचं एकमेव साधन ते केस होते. चौकशीच्या आदल्या दिवशी तुम्ही ते नष्ट केलेत. बाहेरचा माणूस म्हणेल, तो दुसरा इसम पळून गेला. केसच नाहीत तर मी केस कशी चालवू?"

आपण कोटी केली हे त्यांच्या गावीही नव्हतं. कोपऱ्यातल्या टंकलेखकाने मात्र इमानेइतबारे टंकलं: 'केस येईपर्यंत केस तहकूब.' तो कागद पुढे ज्याच्या ज्याच्या हाती गेला, त्याने त्यावर प्रश्नचिन्ह काढून परत पाठवला.

मुदत मिळाली सहा आठवड्यांची. तेवढ्यात मला केस वाढवून हजर करायचे होते.

आता इमारतीचं वारं फिरलं. अण्णा रोज सकाळी कांद्याचा रस घेऊन यायला लागले. "चोळा. मेहुण्याला याने..." मेहुण्याला वस्तऱ्याने जे झालं होतं तेच आता कांद्यानेही झालं होतं. वहिनींना अपराधी वाटत होतं, म्हणून त्या तेल द्यायच्या. कांदा आणि तेल चोळून मी कचेरीत गेलो की खिडकी क्रमांक तीनची रांग आपोआप खिडकी क्रमांक चारकडे सरकायची. बायको चष्मा लावून रोज मोजणी करायची.

"आज दोन आहेत."

"काल तीन होते!"

"एक तुमच्या सदऱ्याचा दोरा होता."

पाचव्या आठवड्यात मी पुन्हा डॉक्टरकडे गेलो आणि ते केस परत आणायचं औषध मागितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"काका, तेव्हा तुम्हाला ते नको होते."

मी सगळी हकिकत सांगितली. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन. फक्त एकदा खिडकीबाहेर बघून आली.

"ती मुळं हंगामी कामावर होती असं समजा," ती म्हणाली. "प्लास्टर होतं तोवर काम होतं. प्लास्टर निघालं, तसंही ती हळूहळू थांबणारच होती. त्यात तुम्ही मुळापासून उपटलेत. आता जे येतील ते बहुधा पूर्वीसारखेच बारीक येतील. कांदा लावा, नाहीतर काही लावू नका." आणि तिने दाखला दिला: 'प्लास्टरनंतरची स्थानिक, तात्पुरती केसवाढ. निरुपद्रवी.'

आमच्या आस्थापना विभागाने दाखला परत केला. त्यांच्या फॉर्मवर 'आजारी' आणि 'निरोगी' असे दोनच चौकोन होते. निरुपद्रवी माणसाची सोय नव्हती. आजारी असेन तर रजेचा अर्ज हवा होता, निरोगी असेन तर दाखला कशाला दिला त्याचा खुलासा हवा होता. मी दोन्ही दिले. दोन्ही एकमेकांना जोडून परत आले.

सहा आठवडे संपले तेव्हा माझ्या डाव्या हातावर मऊ, फिकट लव आली होती. डॉक्टरने सांगितलेली, अगदी वेळापत्रकानुसार. एरवी माणूस खूश झाला असता. माझे दोन्ही हात अखेर एकसारखे दिसत होते आणि त्यामुळे मी पुरता बुडालो होतो.

मॅडमनी हात पाहिला आणि थोडा विचार केला. मग त्यांनी तक्रारदार मास्तरांना बोलावणं धाडलं आणि ओळखपरेड ठेवली. कचेरीतल्या सहा जणांनी एकामागून एक खिडकी क्रमांक तीनवर बसायचं, भोकातून मास्तरांना एक कोरा फॉर्म द्यायचा आणि परत घ्यायचा. काचेपलीकडे मास्तर आणि मॅडम. बोलायचं नाही. मास्तरांनी फक्त हात पाहून सांगायचं.

आम्ही पाच जण तयार झालो. सहावा मिळेना, म्हणून साहेब स्वतः सगळ्यांत आधी बसले. त्यांनी फॉर्म दिल्यावर काचेपलीकडून मास्तरांचा स्वच्छ, शाळेच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला:

"हे हात या खिडकीवर मी कधीच पाहिलेले नाहीत. या कचेरीत काम करताना तर नाहीच."

टंकलेखकाने तेही टंकलं. साहेब उठले आणि पंखा बंद आहे का ते बघायला गेले.

माझा नंबर पाचवा होता. मी फॉर्म उचलला, दिला. हात भोकात तसेच राहिले.

"हेच," मास्तर म्हणाले.

"यांतला कोणता हात?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही. दोन्ही एकाच माणसाचे आहेत. माझी तक्रार चुकली."

"कशावरून?"

"बाकीच्यांनी फॉर्म जसा होता तसा पुढे केला. मला मान वाकडी करून वाचावा लागला. यांनी देताना दोन्ही हातांनी फिरवला. अक्षरं माझ्याकडे सुलट आली. पत्नी गेली तेव्हा तिचा दाखला यांनी असाच दिला होता. त्या दिवसांत इतकं कुणी कुणासाठी केलं नव्हतं. म्हणून लक्षात राहिलं."

"मग तक्रार का केलीत?"

"मी दाखल्याची दुरुस्ती करून घ्यायला पुन्हा आलो होतो. मी अर्ज आत दिला. तो केसाळ हात आला आणि त्याने न उचलताच अर्ज परत ढकलला. 'सोमवारी या.' अर्ज खाली पडला. मी वाकून उचलला. मला वाटलं, हा दुसरा कोणीतरी आहे. ते गृहस्थ असं वागणार नाहीत."

मला तो दिवस आठवला. रांगेत कुणीतरी माकडाचा आवाज काढला होता. डावा हात भोकाबाहेर दिसू नये एवढाच माझ्या मनात विचार होता. समोर जे आलं ते मी ढकललं आणि हात मांडीवर लपवला. अर्ज कुणाचा, कशाचा, मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी खुर्चीवरून उठलो, वळसा घालून बाहेर गेलो. एकोणतीस वर्षांत कामाच्या वेळात मी काचेच्या त्या बाजूला पहिल्यांदाच उभा राहिलो. मास्तर माझ्या अंदाजापेक्षा बुटके होते. इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी.

"तो मीच होतो," मी म्हणालो. "हाताची लाज वाटत होती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बहुधा हातांवरून त्यांनी वेगळं तोंड कल्पिलं असावं. "हात आता बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"दुरुस्ती कसली होती?" मॅडमनी मध्येच विचारलं.

"पान दोनवर लिहिलंय मी."

मॅडमनी फाइल उघडली. तक्रारीचं पान दोन होतं. साहेबांच्या टाचणीने पहिल्या पानाला इतकं घट्ट धरलं होतं की इतक्या दिवसांत, इतक्या टेबलांवर, ते कुणीही उलटलं नव्हतं. केसाळ पान सगळ्यांनी वाचलं होतं. दुसऱ्या पानावर चारच ओळी होत्या: दाखल्यावर पत्नीच्या नावात एक काना राहिला आहे. तेवढा द्यावा, ही विनंती.

"तिच्या नावातला काना लोक नेहमी विसरायचे," मास्तर म्हणाले. "शाळेत, दवाखान्यात, लग्नपत्रिकेतसुद्धा. ती दर वेळी हसून सांगायची. आता सांगायला ती नाही. म्हणून मी आलो."

मी कपाटातून नोंदवही काढली. नोंद सापडायला वेळ लागला नाही. अक्षर गोल, सारखं, ओळीला धरून. ज्या अक्षराचं साहेब नव्या लोकांना उदाहरण देतात, तेच. काना नव्हता. हात मोडण्याच्या दोन महिने आधीची तारीख, दोन्ही हात धडधाकट असतानाची.

मॅडमनी नोंद पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "दोन्ही हात एकाच इसमाचे असल्याचे निष्पन्न झाले. चौकशी बंद," त्यांनी टंकलेखकाला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा."

दुरुस्तीचा फॉर्म मीच भरला. मास्तरांनी सही केली. खाली 'चुकीचे कारण' असा एक रकाना आहे. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते.

"तिथे 'लेखनिक दोष' लिहा," ते हळूच म्हणाले. "तोच शब्द चालतो. उगाच स्वतःचं नाव गोवू नका, यादी वर गेलीय तुमची."

"लेखनिक मीच आहे, साहेब."

मी लिहिलं: 'काना देण्याचा राहिला. चूक माझी.' आणि खाली सही केली. साहेब "हं" म्हणाले आणि पुन्हा पंख्याकडे गेले.

नवा दाखला लिहिताना मी नाव आधी तोंडाने म्हटलं आणि मग उतरवलं. शिक्का मारला, शाई वाळू दिली, फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी तिथेच उभ्याने वाचायला घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवत, जसा पोराचा पेपर तपासावा तसा. नावापाशी आल्यावर काना आला. बोट तिथे थांबलं. मागे रांग वाढत होती, पण कुणी घाई केली नाही. मग मास्तरांचं बोट पुढच्या अक्षरावर गेलं.